परक्याचा आकाशदीप

परक्या लोकांच्या धर्मकृत्यात आपण भाग घ्यावा की न घ्यावा, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांस फारसा पडला नसावा. गावच्या उरुसात, मोहरमच्या ताबुतांत त्यांनी जो भाग घेतला तो शेजारधर्म म्हणून. ताबुतापुढे वाघाचे सोंग घेऊन नाचणाऱ्या कुणब्यास आपण दुसऱ्याच्या धर्मात शिरलो असे स्वप्नातही वाटले नसेल. परंतु ज्यांचे पोट एका देशात आणि ज्यांचे पंचांग दुसऱ्या देशात, अशा माणसांची संख्या आज वाढत चालली आहे, आणि त्यांच्यापुढे हा प्रश्न दर सणास उभा राहतो. प्रवाशास तो जाचत नाही. तो उद्या जाणार असतो, म्हणून त्यास सारेच क्षम्य असते. देशवाशासही जाचत नाही, कारण सण त्याचाच असतो. मधल्या माणसास मात्र उंबऱ्यावर थांबून विचार करावा लागतो. उत्तर थायलंडातील चियांग माई ह्या शहरी मी गेली काही वर्षे चरितार्थासाठी राहतो. तेथे यी पेंग नावाचा दीपोत्सव होतो, त्यात हजारो कागदी कंदील पेटवून आकाशात सोडतात. त्या उत्सवाच्या निमित्ताने जे मनात घोळत राहिले आहे ते येथे मांडतो.

ह्या प्रश्नाची दोन उत्तरे सदैव तयार असतात. पहिले उदार मतवाद्यांचे. दिवा सर्व मानवजातीचा आहे, भावना शुद्ध असली म्हणजे झाले, असे ते म्हणतात. हे कानास गोड लागते. तथापि जे सर्वांचे असते त्याची राखण बहुधा कोणाकडेच नसते; गावची सार्वजनिक विहीर दर उन्हाळ्यात कोण उपसतो हे ज्याने पाहिले आहे त्यास अधिक सांगणे नलगे. दुसरे उत्तर कडव्यांचे. ज्याची श्रद्धा नाही त्याने हात लावू नये, तो करील ते केवळ सोंग, असा त्यांचा निकाल असतो. ह्या उत्तरात निदान धर्मकृत्याविषयी आदर आहे. पण श्रद्धेचे माप घ्यावे कोणी? एकादशीस उपास करणाऱ्या घरांत साबुदाण्याची खिचडी किती भक्तीने आणि किती आवडीने खाल्ली जाते ह्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. देशी मनुष्य आपल्या सणात बहुतेक सवयीने वागतो, आणि सवय ही काही हलक्या प्रतीची गोष्ट नव्हे. अर्धाअधिक धर्म तिच्याच आधारावर उभा आहे. मग परक्याकडूनच तेवढी शंभर नंबरी श्रद्धा का मागावी? मला वाटते, दोन्ही उत्तरे चुकीच्या जागी शोध घेतात. उत्तर हवे असेल तर आधी त्या दिव्यांकडेच नीट पाहिले पाहिजे.

'यी' म्हणजे दोन आणि 'पेंग' म्हणजे पौर्णिमा. इ. स. १२९६ मध्ये मंगराय राजाने चियांग माई वसविले. त्याच्या राज्याचे नाव लान्ना, म्हणजे दशलक्ष भातखाचरांचा देश. त्या देशाची कालगणना बँकॉकच्या कालगणनेहून दोन महिने पुढे चालते, म्हणून दक्षिणेकडे ज्यास बारावा महिना म्हणतात तो येथे दुसरा. आपल्या पंचांगाशी ताडून पाहता ही पौर्णिमा बहुधा कार्तिकी, म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा असते. घरी देवळाची दीपमाळ उजळत असते त्याच रात्री येथे आकाश उजळते, ही गोष्ट मला पहिल्या वर्षी पंचांग पाहिल्यावर कळली आणि उगाचच बरे वाटले.

बाहेरच्या जगास ह्या सणातले केवळ उडते कंदीलच ठाऊक आहेत. वस्तुतः घरोघरचा सण पणत्यांचा आहे. मातीच्या लहानशा बुडकुल्यात मेण वा तेल घालून त्यात वात ठेवतात आणि अशा पणत्यांची रांग कुंपणावर, पायरीवर, विहाराच्या भिंतीवर लावतात. त्यांस 'फांग प्रथीप' म्हणतात; त्यातील 'प्रथीप' हा आपला 'प्रदीप'च होय. ही वात कावळ्याच्या पावलासारखी वळण्याची रीत आहे, आणि त्यामागे एक कथा सांगतात. गंगेच्या काठी उंबराच्या झाडावर एक पांढरी कावळी राहत होती. तिने पाच अंडी घातली. ती चारा शोधावयास गेली असता वादळ झाले, फांदी मोडली आणि अंडी वाहून गेली. कावळी दुःखाने मेली व ब्रह्मलोकी जन्मली. ती पाच अंडी पाच ठिकाणी काठास लागली, आणि एक कोंबडीने, एक नागिणीने, एक कासवीने, एक गायीने व एक सिंहिणीने वाढविले. त्यांतून जे पाच पुत्र निपजले तेच ह्या कल्पातले पाच बुद्ध. कासवीने वाढविलेला तो काश्यप, गायीने वाढविलेला तो गौतम, अशी नावांची उपपत्तीही कथाकाराने लावून ठेवली आहे. पुढे ते पाचही जण वनात एकत्र आले, आपली जन्मदात्री कोण हे कळावे म्हणून त्यांनी प्रार्थना केली, आणि आई पांढऱ्या कावळीच्या रूपाने येऊन म्हणाली की माझी आठवण म्हणून माझ्या पावलाच्या आकाराची वात लावीत जा.

मराठी मनुष्यास ही कथा ऐकताना दोनदा दचकल्यासारखे होते. एकदा कावळ्यामुळे, आमच्याकडे पिंडास शिवणारा, पितरांचा निरोप आणणारा पक्षी येथे साक्षात बुद्धांची माता होऊन बसला आहे. दुसऱ्यांदा दचकावयाचे कारण अधिक खोल आहे. ज्या सणात परक्यास स्थान आहे की नाही असे आपण विचारीत आहो, त्या सणाची मूळ कथाच मुळी परक्याच्या घरी वाढलेल्या मुलांची आहे. कोंबडीने उबविताना अंडे कोणाचे हे विचारले नाही. अर्थात कथेवरून कायदा काढू नये हे मला कळते. पण ती कथा विसरून कायदा करणेही शहाणपणाचे नाही.

आता उडता कंदील. त्यास 'खोम लॉय' म्हणतात. खोम म्हणजे कंदील, लॉय म्हणजे तरंगणारा. रचना इतकी साधी की तिचे कौतुक करावयास शब्द शोधावे लागतात. पातळ कागदाची उलटी गोणी, तिच्या तोंडाशी बांबूच्या कामटीचे किंवा तारेचे कडे, कड्याच्या मधोमध मेणात भिजविलेल्या कागदाची वा कापडाची गुंडाळी. एवढेच. वीस अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १२०० ग्रॅम असते, शंभर अंशांस ते सुमारे ९५० वर येते; तेव्हा अर्धा घनमीटर पोटाच्या कंदिलास शेसव्वाशे ग्रॅम वजन उचलण्याचे बळ आपोआप येते. गुंडाळी पेटविल्यावर दोन-तीन माणसांनी कागद चहूंकडून धरून उभे राहावे लागते. हवा तापते, कागद फुगतो, आणि मग हातास एक वरची ओढ जाणवू लागते. ती ओढ पुरेशी होईपर्यंत धरून ठेवणे, हेच ह्या कामातले कसब. लवकर सोडला तर कंदील आडवा होऊन पेटतो.

तो कोठे जावा अशी अपेक्षा असते? सिद्धार्थाने गृहत्याग करून तलवारीने केस कापले व वर फेकले, ते इंद्राने रत्नपेटीत झेलून त्रायस्त्रिंश स्वर्गात त्यांवर चूडामणी नावाचा चैत्य बांधला, असे बौद्ध कथा सांगते. हा कंदील त्या चैत्याच्या पूजेसाठी. चितगावकडील बंगाली बौद्ध आश्विन पौर्णिमेस प्रवारणेच्या दिवशी जे कागदी फानूस सोडतात तेही ह्याच चैत्यास उद्देशून. लान्नाच्या लोकांत ह्यास आणखी एक जोड आहे. तेथे बारा वर्षांचे चक्र मानतात, प्रत्येक वर्षास एक प्राणी, आणि त्या वर्षी जन्मलेल्याने आयुष्यात एकदा तरी ज्याचे दर्शन घ्यावे असा एकेक स्तूप ठरलेला. कोणाचा डोंगरावर, कोणाचा दूर नदीकाठी. पायी, बैलगाडीने, कसेही जाता येते. श्वानवर्षात जन्मलेल्या माणसाचा स्तूप मात्र हा स्वर्गातला चूडामणी. त्याने जावे कसे? तेव्हा ज्याचे तीर्थ कोणत्याच वाटेवर नाही त्याने दिवा पाठवावा, अशी ही तोड आहे. त्या चैत्यापुढे देशी काय आणि परदेशी काय, सारेच सारख्या अंतरावर आहेत हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आमचा आकाशकंदील आकाशात जात नाही. नाव आकाशाचे, पण तो टांगलेला असतो घराच्या वळचणीस, किंवा फार तर अंगणातल्या उंच काठीवर. कार्तिकात देवतेस व पितरांस उद्देशून उंच दिवा लावावा असे जे आकाशदीपाचे व्रत शास्त्रात आहे, तेथेही तो दिवा खांबास बांधलेला. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खळ व दोरा घेऊन अंगणभर पसारा मांडणाऱ्या मुलांस ठाऊक असते की कंदील सायंकाळी दोरीने वर चढवावयाचा आणि पाऊस आला तर धावत जाऊन उतरवावयाचा. (हल्ली तो प्लास्टिकचा मिळतो, म्हणून पावसाची धावपळ वाचली आहे; आणखी काय वाचले हे मला सांगता येणार नाही.) सोडून देण्याचे विधी आमच्याकडे आहेत, नाहीत असे नाही. ह्याच त्रिपुरी पौर्णिमेस गोव्यात साखळीजवळच्या विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत दिव्यांच्या नौका सोडतात, गणपती आम्ही दरसाल बोळवतो. पण जे सोडावयाचे ते पाण्यात, आणि पाणी खाली वाहते. कोणत्या गावावरून जाईल हे सांगता येते. वर सोडलेल्या वस्तूची वाट मात्र वाऱ्याच्या हाती. बांधलेला दिवा व सोडलेला दिवा ह्यांत मला जो भेद वाटतो तो सौंदर्याचा मुळीच नाही. सोडलेला दिवा कितीतरी पटींनी सुंदर असतो, हे चियांग माईच्या आकाशाखाली ज्याने एक रात्र काढली आहे तो नाकारणार नाही. भेद आहे तो दिवा विझल्यानंतरचा.

त्याकडे वळण्यापूर्वी पाहुण्यांविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. गेल्या काही वर्षांत ह्या सणास जगभरातून लोक येतात. २०१० साली निघालेल्या 'टँगल्ड' ह्या अमेरिकन व्यंगचित्रपटात तरंगत्या कंदिलांचे एक दृश्य आहे, ते पाहून आलेले तरुण मला अनेकदा भेटले आहेत. त्यांच्यासाठी शहराबाहेरच्या मोठ्या मैदानांत तिकीट लावून सामुदायिक कंदील-सोहळे भरतात. तिकिटाची किंमत तेथील मजुराच्या सुमारे दोन आठवड्यांच्या मजुरीइतकी, कित्येकदा तीहूनही अधिक. त्यात जेवण येते, भिक्षूंचे मंत्रपठण येते, आणि इशारा होताच सर्वांनी एकदम सोडावयाचे कंदील येतात. ह्यावर नाक मुरडणे सोपे आहे, आणि परदेशात राहणाऱ्यांस ती सवय लवकर जडते; आपण पर्यटक नव्हे हे दाखविण्याचा तो स्वस्त उपाय आहे. मला त्यात पैशाचा विटाळ वाटत नाही. दक्षिणेवाचून कोणत्या धर्माचे पान हालते? कंदील वळणाऱ्या बाया, फुले विकणारी मुले, गाडीवाले ह्यांच्या घरी त्या आठवड्यात जो पैसा येतो तो खराच असतो. खटकते ते निराळेच. त्या मैदानातला कंदील कोणाच्याही घरून निघालेला नसतो. एका घटकेस, एका इशाऱ्यावर, छायाचित्रासाठी तो सुटतो, आणि सोडणारा त्याच रात्री वाहनात बसून निघून जातो.

घरून निघणे म्हणजे काय, हे मला आपल्या संकल्पावरून उमगले. आमचे कोणतेही धर्मकृत्य देशकालाच्या उच्चारावाचून सुरू होत नाही. पाण्याची पळी हातात घेऊन कर्ता प्रथम आपण कोठे उभे आहो ते सांगतो: द्वीप, खंड, अरण्य, नदी, नदीचा कोणता तीर, मग संवत्सर, मास, तिथी, मग स्वतःचे गोत्र व नाव. देवास हे ठाऊक नसते असे थोडेच आहे? हा पत्ता देव शोधण्यासाठी नसावा, कर्त्यास बांधण्यासाठी असावा. हे कृत्य अमक्या जागी अमक्याने केले, उद्या कोणास विचारावयाचे झाल्यास येथे विचारावे, असा त्याचा सरळ अर्थ मी घेतो. मीमांसकांस तो कदाचित मान्य होणार नाही.

माझी आई वाईस वारली त्या वर्षी मी वेळेवर पोहोचू शकलो नाही. अस्थी धाकट्या भावाने कृष्णेत सोडल्या. मी दिवसकार्य उरकून चियांग माईस परतलो तो पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. माझ्या घरमालकीणबाई १९५८ सालच्या, म्हणजे नेमक्या श्वानवर्षातल्या. त्या दरवर्षी एक कंदील सोडीत. त्यांनी त्या वर्षी दोन आणले, एक माझ्या हाती दिला, आणि ह्यावर आईचे नाव लिही म्हणून सांगितले. मी म्हणालो की आमच्यात अशी रीत नाही. त्यावर त्यांनी विचारले, "मग तुमच्यात काय करतात?" मी श्राद्ध, पिंड, कावळा हे सारे मोडक्यातोडक्या थाई भाषेत समजावून सांगितले. कावळ्याचे ऐकून त्यांनी समाधानाने मान हालविली, जणू एवढ्याने सारे जुळले, आणि लेखणी पुढे केली. मी देवनागरीत नाव लिहिले. मला त्रायस्त्रिंश स्वर्गावर विश्वास नव्हता, आजही नाही. आणि खरे सांगावयाचे तर पिंडास शिवणाऱ्या कावळ्यावरही मी फारसा विसंबून नव्हतो. पण अंगणात उभे राहून तापलेला कागद दोन्ही हातांनी धरला असता, आणि समोरून त्या वृद्ध बाईंनी धरला असता, ही क्रिया खोटी आहे असे मला क्षणभरही वाटले नाही. बोलावणे होते, माणूस होते, जागा होती. माझा संकल्प त्या बाईंच्या अंगणाच्या पत्त्यावर झाला.

आता दिवा विझल्यानंतरचे. गुंडाळी काही मिनिटांत जळून जाते, हवा निवते, आणि वर गेलेली प्रत्येक वस्तू खाली येते. यी पेंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भातखाचरांत, विजेच्या तारांवर, कौलांवर, पिंग नदीच्या काठच्या झाडांत कंदिलांचे सांगाडे लोंबताना दिसतात. त्यांत तारेची कडी असतात. ती गुरांच्या पोटात गेली की काय होते हे शेतकऱ्यास विचारावे. विमानतळ शहरास लागून असल्यामुळे त्या रात्रींतली अनेक उड्डाणे दरसाल रद्द करावी किंवा पुढेमागे करावी लागतात. लाकडी घरांस आगीचे भय असते ते वेगळेच. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ स्मेथिक येथे ३० जून २०१३ च्या रात्री असा एकच कंदील टाकाऊ कागद व प्लास्टिक ह्यांच्या साठ्यावर उतरला, आणि सुमारे एक लाख टन माल पेटला. जर्मनीतील क्रेफेल्ड शहरी २०१९ सालच्या अखेरच्या रात्री एका आईने व तिच्या मुलींनी नववर्षाच्या शुभेच्छा म्हणून काही कंदील सोडले. त्या प्रांतात २००९ पासून त्यांस बंदी होती. त्यांतला कंदील प्राणिसंग्रहालयातल्या वानरगृहाच्या छतावर पडला. तिसाहून अधिक प्राणी जळून मेले, त्यांत गोरिला होते, ओरांगउटान होते. दोन चिंपांझी तेवढे वाचले. सकाळी वार्ता ऐकून त्या स्वतःहून पोलिसांकडे गेल्या.

ह्या शेवटच्या घटनेवर मी पुष्कळ विचार केला आहे, कारण तीत नीतिशास्त्रातली एक जुनी अडचण उघडी पडते. असे कंदील जगात लाखो लोक सोडतात. हेतू तोच, निष्काळजीपणाही तेवढाच. त्यांचे कंदील ओढ्यात पडतात आणि ते सुखाने झोपी जातात. मग ह्या तिघींचा दोष अधिक कसा? बुद्धांनी कर्माचे मर्म चेतनेत, म्हणजे हेतूत, ठेवले. धर्मानंद कोसंबी यांनी जो बौद्ध विचार मराठीत आणला त्यात हा मुद्दा पुनःपुन्हा येतो. त्या न्यायाने त्या निर्दोष ठरतील. जैन आचार्य अधिक कडक. त्यांनी हिंसेच्या विचारात प्रमादास, म्हणजे बेसावधपणास, मुख्य स्थान दिले. मारण्याचा हेतू नव्हता एवढ्याने सुटका होत नाही. पण मग त्या न्यायाने ओढ्यात पडलेल्या कंदिलाचा धनीही तेवढाच प्रमादी ठरतो, आणि माझ्या मते तो ठरावा. वाऱ्याने कोणाचा दिवा कोठे नेला ह्यावरून दंड कमीजास्त होईल, तो न्यायालयाचा व्यवहार आहे. दोष मात्र सुटताना हातातच होता.

येथे आमच्याकडचा एक शब्द फार जपून वापरला पाहिजे, तो फलत्याग. कर्म करावे आणि फळाची आस सोडावी ही शिकवण आम्ही इतकी घोकली आहे की फळ कोठे पडले ते पाहण्याचेही आम्ही सोडून दिले. सोडलेला कंदील हे ह्या गैरसमजाचे मूर्तिमंत चित्र होय. हात उघडले, दिवा गेला, मन हलके झाले. पुढचे वारा जाणे. टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिले, ते १९१५ साली छापून निघाले. त्यात त्यांचा सारा भर लोकसंग्रहावर आहे, आणि लोकसंग्रह म्हणजे तरी दुसरे काय? ज्या फळाची मला आस नाही, ते दुसऱ्याच्या छपरावर पडणार नाही ना, ही काळजी. आस स्वतःपुरती असते, काळजी दुसऱ्यापुरती. पहिलीचा त्याग करण्याच्या नावाखाली दुसरीचा त्याग झाला तर त्यास योग म्हणवत नाही.

तेव्हा परक्याच्या अधिकाराचा जो प्रश्न आरंभी घेतला, त्याची किल्ली मला दुसऱ्या दिवशीच्या सकाळी सापडते. जन्म किंवा श्रद्धा ह्यांवर अधिकार ठरवू गेले तर वाद संपत नाही. पण सकाळी तेथे कोण असतो, एवढे विचारले तर बरेच काही स्पष्ट होते. देशी मनुष्यास अधिकार आहे तो ह्यामुळे की छप्पर त्याचे आहे, म्हैस त्याची आहे, पडलेली तार त्यालाच उचलावयाची आहे. मैदानातल्या पाहुण्यास तो नाही, त्याची भावना कितीही निर्मळ असो, कारण त्याची सकाळ दुसऱ्या शहरी उगवते. परदेशी रहिवाशास तो मिळविता येतो, आणि फुकट मिळत नाही. हे म्हणणे देशी लोकांसही लागू आहे हे उघड आहे. चियांग माईचा जो तरुण दहा कंदील सोडून सांगाड्यांकडे ढुंकून पाहत नाही, तो त्या रात्रीपुरता आपल्याच गावात पर्यटक झाला असे मी म्हणेन. ह्यावर कोणी म्हणेल की धर्माची ही झाडूवाल्याची व्याख्या झाली. होईना. झाडूवाल्याची व्याख्या गाडगेबाबांच्या महाराष्ट्रास नवी नाही.

आईच्या नावाचा तो कंदील सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीणबाई नेहमीप्रमाणे टोपली घेऊन निघाल्या. मी बरोबर गेलो. आमच्या गल्लीत, मागच्या नारळाच्या बागेत व ओढ्यापर्यंत मिळून एकोणीस सांगाडे सापडले. कोणाकोणाचे त्यांस माहीत नव्हते. एकावर चिनी अक्षरे होती, एकावर इंग्रजीत कोणा मुलीस लग्नाची मागणी घातलेली होती. बाई प्रत्येक उचलताना दोन बोटे कपाळास लावीत. ज्याने पाठविले त्याचे दुःख असेल, पायाखाली येऊ नये, एवढेच त्या म्हणाल्या. देवनागरी अक्षरांचा त्यांत नव्हता. तो दुसऱ्या कोणाच्या टोपलीत गेला असणार. मी त्या वर्षापासून दरसाल जातो.

अलीकडे शासनाने ठराविक रात्री, ठराविक वेळी व विमानतळापासून दूरच्या भागांतच कंदील सोडण्याची परवानगी ठेवली आहे. आमची गल्ली त्या भागांत येत नाही. घरमालकीणबाईंनी ह्याची फारशी खंत केली नाही. पणत्या त्या पूर्वीप्रमाणेच लावतात, वाती हातानेच वळतात, आणि मला अजून ते तीन बोटांचे पाऊल नीट वळता येत नाही म्हणून हसतात. चूडामणीच्या दर्शनासाठी त्या आता पिंग नदीच्या पूर्वतीरावरील वात केत ह्या विहारात जातात. श्वानवर्षी जन्मलेल्यांसाठी स्वर्गातल्या चैत्याचा प्रतिनिधी म्हणून तेथला स्तूप मानतात. त्याचे शिखर किंचित तिरपे आहे. प्रथम पाहिले तेव्हा पाया खचला असावा असे मला वाटले. परंतु ते बांधतानाच तसे ठेवले असे सांगतात. सरळ बांधले असते तर त्याचे टोक थेट वरच्या चैत्यावर रोखले गेले असते, आणि ते बरे दिसले नसते.